शाळेचं नेट नेमकं कोण खातं? फायरवॉलवर प्रोटोकॉलनुसार मोजमाप



"मुलं यूट्यूब पाहत बसतात, म्हणून नेट चालत नाही." हे वाक्य तुम्ही शिक्षक कक्षात, पालकसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कधी ना कधी ऐकलं असेलच. त्यानंतर बहुधा दोन गोष्टी होतात. एक तर संगणक कक्षाला कुलूप लागतं, नाहीतर संयुक्त शाळा अनुदानातून किंवा लोकवर्गणीतून आणखी मोठा प्लॅन घ्यायचं ठरतं. आपल्या वर्धा जिल्ह्यातली माझ्या माहितीची एक शाळा आहे. तिथे नुसत्या संशयावरून आठवीच्या मुलांचा संगणकाचा तास कितीतरी आठवडे बंद होता. मुलांनी खरंच नेट संपवलं का, हे त्या काळात कुणीही मोजून पाहिलं नाही.

आणि मोजता येतं, हे महत्त्वाचं. त्यासाठी मुलांच्या पाठीमागे उभं राहून स्क्रीनवर डोकावावं लागत नाही. शाळेचं नेट ज्या दारातून आत येतं, त्या दारावरच, म्हणजे फायरवॉलवर, कोणत्या प्रकारची किती वाहतूक झाली ते दिसतं. हे मोजमाप कसं लावायचं, आलेले आकडे कसे वाचायचे आणि त्यांवरून आठवी-नववीच्या मुलांचा एक चांगला पाठ कसा होतो, हे या लेखात पाहू. संगणक हा तुमचा विषय नसेल तरी हरकत नाही. आवक-जावक नोंदवही ठेवता येत असेल तर हेही जमेल.

आधी नाका समजून घेऊ

कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारात गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडी काट्यावर चढते, वजन होतं, नोंद होते आणि मगच ती पुढे जाते. फायरवॉल म्हणजे असाच नाका. शाळेतले सगळे संगणक एका बाजूला आणि बाहेरचं इंटरनेट दुसऱ्या बाजूला. येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट इथूनच जाते. कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं हे ठरवणं हे फायरवॉलचं मुख्य काम. पण नाक्यावर बसलेला माणूस जसा गाड्या मोजू शकतो, तशी फायरवॉलही मोजणी करू शकते.

नेटवरून कोणतीही गोष्ट एकसंध येत नाही. फोटो असो, धडा असो की व्हिडिओ, त्याचे छोटे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. नेहमीच्या जोडणीत एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतं. प्रत्येक पॅकेटवर पत्ता लिहिलेला असतो: कुठून निघालं, कुठे जायचं आहे. त्याच पत्त्याच्या पट्टीत एक छोटा रकाना असतो. आतला माल कोणत्या पद्धतीने बांधला आहे, ते त्यात एका आकड्याने लिहिलेलं असतं. हाच प्रोटोकॉल क्रमांक.

ही रचना १९८१ साली ठरली आणि आयपीच्या चौथ्या आवृत्तीत आजही तशीच आहे. पत्त्याच्या पट्टीतला दहावा बाइट प्रोटोकॉलसाठी राखलेला आहे. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे बसतात. त्यातले आपल्याला तीन पुरेत. १ म्हणजे आयसीएमपी, ६ म्हणजे टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी. टीसीपी हे पोचपावतीसह रजिस्टर पत्र: माल पोचला का हे विचारतं, हरवला तर पुन्हा पाठवतं. यूडीपी हे साधं पोस्टकार्ड: टाकलं की टाकलं, पोचल्याची चौकशी ते स्वतः करत नाही. आयसीएमपी म्हणजे पोस्टखात्याचा आपसातला निरोप, "हा पत्ता सापडला नाही" किंवा "तू जिवंत आहेस का" अशा छापाचा. 'पिंग' करतो तेव्हा हाच प्रोटोकॉल वापरला जातो.

पण टीसीपी-यूडीपी एवढ्यावर थांबलो तर फारसं कळत नाही. म्हणून त्याच्या आतली पोर्टची पाटीही वाचायची. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतल्या वेगवेगळ्या खिडक्या, तहसील कार्यालयात असतात तशा. सातबाऱ्याची खिडकी वेगळी, दाखल्यांची वेगळी. इंटरनेटवर ८० क्रमांकाची खिडकी साध्या वेबची, ४४३ ची सुरक्षित वेबची, ५३ ची डीएनएसची (म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक विचारण्याची) आणि १२३ ची घड्याळ जुळवण्याची.

या १२३ वरून आठवलं. बऱ्याच शाळांत जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते. लाइन गेली आणि आली की संगणकाची तारीख थेट मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं खोटी वाटू लागतात आणि पान उघडत नाही. मग सगळे म्हणतात, "नेट बंद आहे." नेट चालू असतं, घड्याळ बंद असतं! फायरवॉलवर १२३ ला आडकाठी केली असेल तर ती आधी काढा. बॅटरीही बदलून घ्या, फार खर्च येत नाही.

बंड्या मोजायच्या की क्विंटल?

मोजताना पहिला प्रश्न हाच येतो. नाक्यावरून शंभर बंड्या गेल्या असं म्हटलं तर माल किती गेला ते कळत नाही. शंभरही रिकाम्या असू शकतात. फायरवॉल प्रत्येक नियमासमोर दोन आकडे दाखवते: पॅकेट किती आणि बाइट किती. पॅकेट म्हणजे बंड्या, बाइट म्हणजे क्विंटल. "नेट कोण खातं" या प्रश्नाचं उत्तर बाइटमध्ये मिळतं. पण फायरवॉलचा छोटासा डबा का दमतो, याचं उत्तर पुष्कळदा पॅकेटमध्ये असतं, कारण पॅकेट लहान असो की मोठं, तपासण्याची मेहनत जवळजवळ सारखीच पडते.

आणखी एक घोळ एककांचा आहे. पालकसभेत तो हमखास होतो. कंपनी वेग सांगते तो बिटमध्ये आणि आपण फाइल मोजतो ती बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे २० एमबीपीएसची जोडणी घेतली तर सेकंदाला २० एमबी नव्हे, अडीच एमबी मिळतात. मिनिटाला १५० एमबी, अर्ध्या तासाला ४५०० एमबी. आपल्या पाइपाची कमाल मर्यादा एवढीच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोजणी कशी लावायची

शाळेत वेगळी फायरवॉल नसेल तर जुना, दोन नेटवर्क कार्ड बसवलेला संगणक पुरतो. त्यावर लिनक्स किंवा पीएफसेन्स टाकता येतं. छोट्या वायफाय राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल तर 'एनएलबीडब्ल्यूमॉन' नावाची एक जोडणी मिळते. ती कोणत्या प्रोटोकॉलने किती डेटा गेला याचा तक्ता ब्राउझरमध्येच दाखवते. शिक्षकांसाठी मला ही वाट सगळ्यात सोपी वाटते. लिनक्सवर आयपीटेबल्स किंवा नवी एनएफटेबल्स असेल तर प्रत्येक नियमासोबत मोजणीयंत्र लावता येतं. यातली गंमत अशी की नियमाने काही अडवलं किंवा सोडलं पाहिजे असं नाही. "४४३ वरून जाणारं पॅकेट दिसलं की मोज, आणि पुढे जाऊ दे" एवढाच नियम लिहिता येतो.

हे ऐकायला सोपं आहे, पण नियम लिहिल्यावर आकडे विचित्र येतात आणि लोक कंटाळून सोडून देतात. त्यामुळे इथे जरा थांबून सांगतो.

पहिली गोष्ट नियमाच्या जागेची. बहुतेक फायरवॉलमध्ये अगदी वर एक नियम असतो: ज्याचं बोलणं आधीच सुरू झालं आहे त्याला थेट सोडा. शाळेच्या फाटकावरचा रखवालदार नवीन माणसाची वहीत नोंद करतो, पण सकाळी एकदा आत आलेले गुरुजी पुन्हा दिसले की वही उघडत नाही, तसंच हे. आता तुम्ही मोजणीचा नियम याच्या खाली लिहिला, तर फक्त संभाषणाचं पहिलं पॅकेट मोजलं जाईल. पाचशे एमबीचा व्हिडिओ गेला तरी नोंद काही बाइटची दिसेल. म्हणून मोजणीचे नियम सगळ्यात वर हवेत.

दुसरी गोष्ट दिशेची. मुलाने धडा उघडला तेव्हा विनंती ४४३ कडे जाते आणि धडा ४४३ कडून येतो. विनंती चिमूटभर, उत्तर पोतंभर. "४४३ कडे जाणारं" एवढंच मोजलं तर पोतं राहून जातं. आवक आणि जावक दोन्ही रकाने हवेत. नोंदवही ठेवणाऱ्या लिपिकांना हे सांगावं लागत नाही!

तिसरी गोष्ट अलीकडच्या राउटरची. वेग वाढवण्यासाठी त्यात एक जवळचा रस्ता असतो, त्याला फ्लो ऑफलोडिंग म्हणतात. ओळखीच्या वाहतुकीला तो नाक्याला वळसा घालून पुढे पाठवतो. जाते ती वाहतूक खरीच, पण काट्यावर चढत नाही. आकडे संशय यावा इतके कमी दिसत असतील तर मोजणीच्या दिवसापुरती ही सोय बंद ठेवून पाहा.

डीएनएसचा आकडा शून्य आला तर तेही चूक समजू नका. बऱ्याच ठिकाणी फायरवॉल स्वतःच डीएनएसची उत्तरं देते. म्हणजे मुलांच्या संगणकांचा प्रश्न नाका ओलांडत नाही, नाक्यापाशीच संपतो. लिनक्सच्या भाषेत तो 'फॉरवर्ड' साखळीत न दिसता 'इनपुट' साखळीत दिसतो.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे लाइन. मोजणीयंत्रातले आकडे साध्या मेमरीत असतात. लाइन गेली, फायरवॉल पुन्हा सुरू झाली, की सगळे आकडे शून्य. एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा लाइन जात असेल तर महिन्याचा हिशेब यंत्रावर सोडून चालणार नाही. प्रत्येक तासिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी आकडा वहीत उतरवा, वेळेसह. शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा केला की त्या तासिकेचा वापर मिळतो. वीजमीटरचं रीडिंग घेतो तसंच.

मीटरवरून आणखी एक मुद्दा. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं चक्र ९९९९९ च्या पुढे गेलं की ००००० वर येतं. जुन्या राउटरमध्ये एसएनएमपी नावाच्या पद्धतीने आकडे वाचतात आणि तिथे ३२ बिटांचा मोजक असतो. तो ४,२९,४९,६७,२९५ बाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४.२९ जीबीपर्यंत मोजतो आणि मग शून्यापासून सुरू होतो. आपली २० एमबीपीएसची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल तर हे चक्र साधारण साडेअठ्ठावीस मिनिटांत फिरतं. म्हणजे अर्ध्या तासाने रीडिंग घेणाऱ्याला सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळी सगळ्यात कमी वापर दिसेल! आयपीटेबल्स आणि एनएफटेबल्सचे मोजक ६४ बिटांचे असतात, तिथे ही भीती नाही. जुना डबा असेल तर दर दहा मिनिटांनी वाचा.

आता एक उदाहरण सोडवू

पुढचे आकडे फळ्यावर मांडण्यासाठी घेतलेले, म्हणजे मानलेले आहेत. तुमच्या शाळेचे आकडे वेगळे येतील आणि तेच खरे. समजा संगणक कक्षात १५ संगणक आहेत, जोडणी २० एमबीपीएसची आहे. तिसऱ्या तासिकेत, ११ ते ११.३० या वेळात, आवक-जावक मिळून ३६०० एमबी वाहतूक झाली. त्यात टीसीपी ८० वरून १८०० एमबी, टीसीपी ४४३ वरून ९०० एमबी, यूडीपी ४४३ वरून ७२० एमबी, डीएनएसचे ३ एमबी आणि बाकी सगळं मिळून १७७ एमबी.

३६०० मुद्दाम घेतले. वृत्तालेखाचे ३६० अंश आणि ३६०० एमबी, म्हणजे १० एमबीला १ अंश. मुलांना भागाकाराची भीती राहत नाही. टीसीपी ८० चा अर्धा गोल, १८० अंश. टीसीपी ४४३ चा ९० अंश, यूडीपी ४४३ चा ७२ अंश, इतर १७.७ अंश. डीएनएसचा ०.३ अंश कोनमापकाने काढून दाखवा म्हटलं की वर्गात हशा पिकतो. तिथेच विचारायचं, मग डीएनएस बिनमहत्त्वाचं का? ते बंद केलं तर काय होईल? (काहीच उघडणार नाही.) वजनाने हलकं ते कामाने हलकं असतंच असं नाही, हे मुलं स्वतः बोलून दाखवतात.

हेच बंड्यांच्या हिशेबाने पाहा. १८०० एमबी जर १५०० बाइटच्या भरलेल्या पॅकेटांनी आले तर १२ लाख पॅकेट. डीएनएसचं पॅकेट सरासरी १०० बाइटचं धरलं तर ३ एमबीला ३० हजार पॅकेट. वजनात ६०० पट फरक, बंड्यांत फक्त ४० पट. एकाच माहितीची दोन चित्रं काढून घ्या, एक बाइटचं आणि एक पॅकेटचं. आठवीच्या शतमान स्तंभालेखालाही हे उदाहरण चालतं.

आणि पाइपाचं काय? कमाल ४५०० एमबी बसले असते, आले ३६००. म्हणजे ८० टक्के भरलेला. सरासरी ८० टक्के याचा अर्थ मधल्या काही मिनिटांत तो काठोकाठ भरला असणार. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापक यू-डायसची माहिती भरत बसले असतील किंवा कुणी एनएमएमएसचे अर्ज भरत असेल, तर चाक फिरतच राहणार.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

आता मुख्य प्रश्न. वरच्या उदाहरणात अर्धा गोल कुणाचा? ८० क्रमांकाच्या खिडकीचा. यूट्यूब, दीक्षा, व्हॉट्सॲप वेब, सरकारी पोर्टलं, आज जवळपास सगळं ४४३ वर चालतं. मग ८० वर एवढा माल कुणाचा? शाळेच्या संगणक कक्षात याचं सगळ्यात संभवनीय उत्तर म्हणजे अपडेट. विंडोज आपल्या अपडेटच्या मोठ्या फाइली बहुधा ८० वरूनच ओढते. फाइलवर डिजिटल सही असते, ती तपासली जाते, म्हणून रस्ता साधा असला तरी चालतो. उबंटूसारख्या लिनक्समध्येही पॅकेजं पुष्कळदा ८० वरूनच येतात.

हिशेब करून पाहा. महिनाभर बंद असलेला कक्ष उघडला. पंधरा संगणक एकदम सुरू झाले. प्रत्येकाने समजा १ जीबीचं अपडेट मागितलं. एकूण १५ जीबी, म्हणजे १२० गिगाबिट. २० एमबीपीएसने ते उतरायला ६००० सेकंद, म्हणजे १ तास ४० मिनिटं. दोन-तीन तासिका गेल्या! मुलांनी एकही व्हिडिओ उघडलेला नाही. उलट, कक्ष जितके दिवस कुलपात राहील तितकी अपडेटची थकबाकी वाढत जाते आणि उघडल्यावर नेट तितकंच जास्त अडतं. म्हणजे कुलूप लावणं हा उपाय मुळातलाच प्रश्न वाढवणारा आहे.

यूडीपी ४४३ बद्दल थोडं. जुन्या पुस्तकांत यूडीपी म्हणजे खेळ किंवा डीएनएस असं सापडेल. ते आता खरं नाही. गूगलने सुरू केलेला क्विक नावाचा प्रोटोकॉल यूडीपीवर बसतो. मे २०२१ मध्ये त्याचं अधिकृत मानक आलं. क्रोममधून यूट्यूब पाहिलं तर वाहतूक बहुधा याच वाटेने जाते. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्याचं काम क्विक स्वतः करतो, म्हणजे पोस्टकार्डावर स्वतःची पोचपावती छापून घेतल्यासारखं. म्हणून तक्त्यात यूडीपी वाढलेला दिसला की "मुलं गेम खेळतात" असा निष्कर्ष काढू नका. आणि "व्हिडिओच पाहिला" असाही काढू नका, कारण गूगलचं शोधपानही याच वाटेने येतं.

४४३ हे बंद पेटाऱ्यासारखं आहे. आत धडा आहे, सिनेमा आहे की शिष्यवृत्तीचा अर्ज, हे प्रोटोकॉलच्या मोजणीतून कळत नाही. काही सॉफ्टवेअर पॅकेटच्या खोलात शिरून, संकेतस्थळाच्या नावावरून अंदाज बांधतात. ते करता येतं. पण शाळेत ते करावं का, याचा विचार तांत्रिक माणसावर सोपवू नये. कोणत्या मुलाने काय उघडलं याची यादी तयार होणं ही साधी गोष्ट नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला वेगळं संरक्षण दिलं आहे. माझं मत विचाराल तर नेट का अडतं या प्रश्नाला प्रोटोकॉलचा तक्ता पुरतो. त्यात कुणाचं नाव नाही. गाड्या मोजा, पोती उघडू नका. पालकांनी शाळेला हे आवर्जून विचारावं: तुम्ही मोजता ते काय मोजता, आणि ते कोण पाहतं?

मुलांच्या हाती द्या

हे मोजमाप शिक्षकाने एकट्याने करण्यात अर्थ नाही. चार-चार मुलांचे गट करा. एक गट रीडिंग घेईल, एक वजाबाकी करेल, एक आलेख काढेल, एक त्या तासिकेला कक्षात काय काम चाललं होतं ते लिहील. चौथ्या गटाचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण आकड्याशेजारी प्रसंग नसेल तर आकडा मुका राहतो. मुलांना फायरवॉलचा पासवर्ड देऊ नका. फक्त आकडे दिसतील असं वाचनापुरतं खातं करता आलं तर ठीक, नाहीतर तुम्ही पान उघडून द्या.

आपल्या जिल्ह्याला ही रीत नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला आणि पुढे सेवाग्रामला नई तालीमचं काम उभं राहिलं. तिथे टकळीवर सूत काततानाच गणित शिकवायचे. ६४० तारांची गुंडी, किती वेळात किती तार, आजचं आणि कालचं अंतर. मूल जे रोज हाताळतं त्यातूनच मोजायला शिकायचं. आज मूल रोज नेट हाताळतं.

आणि मोठ्या संस्थांचीही सुरुवात अशीच झाली आहे. वाहतुकीचे आलेख काढणारं एमआरटीजी हे जगभर वापरलं गेलेलं साधन टोबियास ओटिकर यांनी १९९५ च्या सुमारास लिहिलं, ते इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात काम करताना. सगळ्या विद्यापीठाला बाहेर जायला ६४ केबीपीएसची एकच लाइन होती आणि ती किती भरली आहे हे सगळ्यांना पाहायचं होतं. आपल्या २० एमबीपीएसच्या तीनशेव्या भागाएवढी लाइन! ५० एमबीपीएस घेऊया म्हणणाऱ्या सभासदांना हे जरूर सांगा.

मोजून झाल्यावर

तीन-चार दिवसांचं रीडिंग हाती आलं की उपाय आपोआप सुचतात. ८० चा वाटा मोठा आणि तो संगणक सुरू होताच चढत असेल तर विंडोजमध्ये जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदवा, म्हणजे अपडेटं आपसूक उतरणं बरंच कमी होतं. पण मग ती विसरू नका, सुरक्षिततेसाठी ती लागतातच. रात्री उतरवावीत असा सल्ला पुस्तकात असतो. आपल्याकडे रात्री मेन स्विच बंद असतो. म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एक-दोन तास कक्ष चालू ठेवण्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' ही सोय स्थानिक नेटवर्कपुरती चालू केली की एका संगणकाने उतरवलेले तुकडे शेजारचे संगणक त्याच्याकडूनच घेऊ शकतात. ही आपसातली वाहतूक नाक्यापर्यंत येतच नाही. पुढच्या रीडिंगमध्ये ८० चा आकडा किती उतरला ते मुलांनाच पाहू द्या.

यूडीपी आणि टीसीपी ४४३ मिळून पाइप भरत असेल तर सरसकट बंदी घालू नका. फायरवॉलवर कार्यालयाच्या संगणकासाठी थोडा वेग राखून ठेवता येतो. २० पैकी ४ एमबीपीएस राखले तरी ऑनलाइन माहिती भरण्याचं काम अडत नाही आणि कक्षात धडेही चालतात. आयसीएमपी मात्र "सुरक्षेसाठी" पूर्ण बंद करू नका. काही जण तसं सुचवतात. त्याने पॅकेटच्या आकाराचे निरोप अडतात आणि काही पानं अर्धवट उघडून थांबतात. मग कारण शोधता शोधता दिवस जातो.

आणि एवढं सगळं करूनही पाइप कायम भरलेलाच असेल, प्रत्येक तासिकेत, अपडेट बाजूला ठेवल्यावरसुद्धा, तर मग मोठा प्लॅन घ्या. त्या बैठकीत मुलांनी काढलेले वृत्तालेख टेबलावर ठेवा. शेजारी रीडिंगची वही ठेवा, तारीख आणि वेळेसह. कुणी "मुलं यूट्यूब पाहतात" म्हटलं तर वही त्यांच्याकडे सरकवा आणि आलेख ज्या मुलीने काढला तिलाच समजावून सांगायला बोलवा.

तुमच्या शाळेत रीडिंग घेतलं तर तासिका, संगणकांची संख्या आणि जोडणीचा वेग या तीन गोष्टी सोबत लिहा. त्याशिवाय दोन शाळांचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत.